बेरिंग कशानं जळलं

आमच्या आबांच्या तळहातांना ऊन की गार ते कळत नसे, ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. तरुणपणी सोलापूरकडं कुठल्याशा गिरणीत असताना वाफेचा नळ फुटून त्यांचे दोन्ही हात भाजले होते. जखमा भरून आल्या, पण वर जी कातडी धरली ती जाड आणि मेलेलीच धरली. चुलीतून खाली पडलेला निखारा ते बोटांनी उचलून परत आत सारायचे आणि आलेल्या पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं. मिस्त्रीकाम ज्यानं केलं आहे त्याला या गोष्टीचं कौतुक वाटणार नाही, भीती वाटेल. चालत्या यंत्राला काही दुखलंखुपलं तर ते तापतं, आणि ते किती तापलं हे त्या काळात हात लावल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नव्हता. आबा इंजिनाचा आवाज ऐकून निम्मं दुखणं ओळखायचे, वासावरून आणखी थोडं. उरलेल्यासाठी त्यांना हात लागायचा, आणि तो हात माझा होता.

आम्ही राहायचो धाराशिवहून तेरकडं जाणार्‍या रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या आवारात. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं कुडाची पडवी, आणि पडवीपासून चाळीस पावलांवर मोठी शेड, जिच्यात कापसातून सरकी आणि रुई वेगळी व्हायची. हंगाम सुरू झाला की पहाटेपासून इंजिन ठोके देऊ लागायचं, त्यावर पट्ट्यांची फटफट आणि त्याच्यावर रुळांची खडखड. एवढ्या गोंधळात आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. एखाद्या दिवशी यंत्र बंद राहिलं तर आईला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं आणि ती उगाचच माझ्यावर ओरडायची. रुई सगळीकडं असायची. जोंधळ्याच्या भाकरीत, करडईच्या भाजीत, हुलग्याच्या माडग्यावर साय धरल्यासारखी तरंगत. आई ती बोटानं काढून टाकायची आणि म्हणायची, आपण रुईच खातो, भाकरी नुसती तोंडी लावायला आहे. ती हसत बोलायची अशी फार थोडी वाक्यं मला आठवतात, त्यातलं हे एक.

मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून आबांबरोबर फेरी मारत असे. हातात चहाची किटली असायची, म्हणजे बघणार्‍याला वाटावं की पोरगी बापाला चहा द्यायला आली. आबा एकेका बेरिंगजवळ थांबायचे आणि डोळ्यांनी खुणवायचे. मी बोटांची मागची बाजू वर टेकवायची आणि मनात आकडे मोजायची. दहापर्यंत हात ठेवता आला तर ठीक. सातावर काढावा लागला तर तेल द्यायचं. चाराच्या आत चटका बसला तर पट्टा उतरवायचा आणि यंत्र थांबवायचं. मी आकडा हळूच सांगायची, आबा मान हलवायचे, आणि मग मोठ्यानं हमालाला हुकूम द्यायचे, जणू त्यांनीच हात लावून बघितलं. पुढं पुढं मला आकडे मोजायची गरज राहिली नाही. सतराव्या वर्षी मी शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं की कुठलं बेरिंग आज कुरकुरतंय ते मला सांगता यायचं. ही फुशारकी नाही. आता या वयात फुशारकी मारून मला काय मिळायचं आहे?

माझा नातू पुण्याकडं एका कारखान्यात आहे. तो सांगत होता, आता बेरिंगला एक तार जोडलेली असते, तापलं की यंत्र आपोआप बंद पडतं. मी म्हटलं, बरं झालं बाबा, निदान कुणाच्या पोरीचा हात तरी लागत नाही. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते.

आमच्या जिनिंगचे मालक लिंगायत व्यापारी होते, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांच्या आईला सगळा गाव अव्वा म्हणे. सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, बोलताना निम्मी कानडी. त्या तोंडानं तिखट होत्या पण मनात काही ठेवायच्या नाहीत. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत, हंगाम अर्ध्यावर असताना, अप्पांनी हैदराबादेहून एक मोठा पंखा आणवला. अंगणातल्या गाड्यांमधला कापूस पत्र्याच्या नळीतून ओढून थेट वर माचावर टाकणारा. त्याआधी हे काम डोक्यावर टोपल्या घेऊन बाया करायच्या. पंख्याबरोबर तो बसवायला एक म्हातारे उस्ताद आले होते, डोळ्यात सुरमा आणि हातात सतत फडकं. आमच्या सगळ्या जुन्या दांड्यांना पितळी नळकांड्यांसारखे बुश होते. त्यांचं फिरणं बैलाच्या चालीचं, आणि त्यांना तेल जितकं पाजाल तितके ते खूश. हा पंखा मात्र इतक्या वेगानं फिरे की त्याची पाती दिसायचीच नाहीत, आणि त्याच्या दांड्याला दोन्ही टोकांना पोलादी गोळ्यांची बेरिंगं होती. तसली बेरिंगं आम्ही कुणीच पाहिलेली नव्हती.

उस्तादांनी झाकण उघडून आबांना दाखवलं. ‘‘ये देखो मिस्त्री. इसमें तेल नक्को, ग्रीस. और ग्रीस तिसरा हिस्सा, बस. दोन हिस्से खाली, रिकामे ठेवायचे.’’

आबा म्हणाले, ‘‘येवढं थोडं? पंखा लई जोरात पळतोय उस्ताद. जादा लागंल की.’’

‘‘जोरात पळतोय म्हणूनच कमी. गोळी को सिर्फ चाटने को होना. पूरा भरला तो गोळी त्यात पोहत बसती. पोहती तो घुसळती, घुसळती तो तापती. तापली की ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, मग गोळी सुकी चालती, और खतम.’’ एवढं बोलून त्यांनी मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ‘‘बेटी को समजलं,’’ ते म्हणाले. ‘‘तुम भी समजा.’’

मला खरोखरच समजलं होतं. चिखलातून चालताना पायाला जो जोर लागतो, तोच जोर त्या गोळ्यांना गच्च भरलेल्या ग्रीसमध्ये लागणार आणि तो सगळा जोर उष्णता होऊन बाहेर पडणार. उस्ताद गेल्यावर उरलेल्या हंगामात मी ते बेरिंग पाठ केलं. नवं ग्रीस भरलं की पहिला तासभर ते तापतंच. मग ग्रीस आपली जागा करून घेतं, कडेला सरकून बसतं आणि बेरिंग हळूहळू निवतं. तासाभरानंतरही निवत नसेल तर समजायचं की पोटात जास्त झालंय. मग खालचं झाकण उघडं ठेवून थोडा वेळ पंखा फिरवायचा. जास्तीचं ग्रीस आपोआप बाहेर येतं, ते पुसून घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिथं हात ठेवून बसायची म्हणून मला कळलं.

आमच्याकडं खंडेनवमीला यंत्राला न्हाऊ घालायची रीत होती. म्हणजे सगळं जिनिंग धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, दर बुशाच्या भोकात अव्वा स्वतः तेल ओतायच्या. ओतायचं ते भोक भरून बाहेर ओघळ येईपर्यंत. तेल जमिनीवर ठिबकलं की बाया म्हणायच्या, ओथंबलं, हंगाम भरला. बुशाला त्यात काही इजा नव्हती, उलट बरंच होतं. पंखा आल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी होती. लढाईमुळं ग्रीस मिळेनासं झालेलं. बार्शीहून एक डबा आणायचा तर निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर दहा प्रश्न व्हायचे. आणि ज्या वस्तूची टंचाई ती देवापुढं हात आखडून ठेवायची नसते, ही आमच्या लोकांची समजूत. अव्वांनी नवाकोरा डबा फोडायला लावला.

मी त्या वेळी तिथं नव्हते. मला कावळा शिवला होता आणि मी पडवीच्या कोपर्‍यात गोणपाटावर बसले होते. कुडातून मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. अव्वांचा आवाज आला, ‘‘ह्येला बी ओथंबू द्या मिस्त्री. नवा हाय म्हणून परका करू नगा.’’ मग अव्वांनी आणि त्यांच्यामागून हमाल, बाया, एकेकानं बोटभर बोटभर ग्रीस दोन्ही बेरिंगांत लावलं. झाकणं आवळल्याचा आवाज आला. आरती होईपर्यंत पंखा चालवला आणि मी ताठ बसले. रोज त्याचा सूर पातळ असे, सरळ. त्या दिवशी तो जड होता, घसा धरल्यासारखा.

आई मला दुरून कडकण्या टाकायला आली तेव्हा मी म्हटलं, ‘‘आई, आबांना सांग, पंख्यातलं ग्रीस निम्म्याच्या वर काढा म्हणावं. लई झालंय.’’

‘‘देवाला वाहिलेलं काढायचं? तुला काय वाटतं का न्हाय? बस गप.’’

दुपारी आबा पडवीपलीकडच्या रांजणावर हात धुवायला आले. मी कुडातूनच बोलले. ‘‘आबा, पंखा जड बोलतोय. दोनी बेरिंगं गच्च झाल्यात.’’

पाण्याचा आवाज थांबला. मग म्हणाले, ‘‘व्हय. बघू उद्या.’’ हे ‘व्हय’ माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पुढं जे झालं त्यात हा एवढा एकच शब्द माझ्या बाजूनं होता आणि तो ऐकायला मी सोडून दुसरं कुणी नव्हतं.

दुसरा दिवस दसर्‍याचा होता. आईनं पुरणाचा घाट घातला होता. संध्याकाळच्या आधी सगळी माणसं सोनं लुटायला गावाकडं गेली, आवारात एक कुत्रं आणि मी. आबांनी बेरिंग बघितलं नव्हतं, आणि परवा सकाळी आगाप, लवकर फुटलेल्या कापसाच्या पहिल्या गाड्या येणार होत्या. मी उठले. विटाळात यंत्राला हात लावायचा नसतो हे मला ठाऊक होतं, भीतीही वाटत होती, खोटं का सांगू? पण बेरिंग जळेल याची भीती त्याहून मोठी होती. ते जळलं की अप्पा विचारणार, मिस्त्री, तुम्हाला हात लावून कळलं नाही? आणि मग आबांच्या हातांची गोष्ट बाहेर येणार, म्हणजे आमचं तिथलं राहणं संपणार. मी हे बापासाठी करत होते. इतक्या वर्षांनी हे लिहितानासुद्धा मला त्या पोरीचा राग येतो.

पट्ट्याच्या बाजूचं बेरिंग मी उघडलं. ग्रीस झाकणाला चिकटून बाहेर आलं, इतकं ते ठासलेलं होतं. वेळूच्या कामटीनं मी दोन हिस्से काढले आणि ते टाकून न देता डब्याच्या झाकणात ठेवले. झाकण परत बसवलं, एक बोल्ट आवळायचा राहिला होता. मग भिंतीच्या बाजूच्या दुसर्‍या बेरिंगला पाना लावला. पहिला बोल्ट सैल होतोय तोच आईनं मागून माझं मनगट धरलं. औक्षणाचं ताट राहिलं म्हणून ती परत आली होती, आणि तिच्या मागोमाग आबा आणि दोन हमाल.

आईनं मला पडवीपर्यंत ओढत नेलं. पण जाताना मी मान वळवून पाहिलं. आबा पंख्यापाशी गेले. डब्याच्या झाकणातलं काढलेलं ग्रीस त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पट्ट्याकडचा राहिलेला बोल्ट आवळला. भिंतीकडचा मी सैल केलेला बोल्टही आवळला. आतलं ग्रीस तसंच राहू दिलं. हमाल बघत होते म्हणून असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

दुसर्‍या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं, तरी आईनं मला घराबाहेर पडू दिलं नाही. पाच दिवस सरल्याशिवाय शेडकडं बघायचं नाही, असा तिचा हुकूम. त्याच्या पुढच्या सकाळी गाड्या आल्या. बैलांच्या घंटा, हमालांचा गलका, इंजिनाचे ठोके आणि मग पंखा. आई दारात बसून डाळ निवडत होती, मी आत. तासभर मी फक्त ऐकत होते. पंख्याचा सूर निवला नाही. तो जाड होत गेला, मग एकदम मोकळा झाला. ऐकणार्‍याला वाटलं असतं, सुधारलं. मला ठाऊक होतं, ग्रीस पातळ होऊन वाहून गेलं आणि गोळ्या आता कोरड्या चालल्या आहेत. लवकरच त्यात बारीक शीळ मिसळली.

‘‘आई, बेरिंग जळतंय. आबांना कळायचं न्हाय. त्यांचा हात...’’

‘‘हळू बोल,’’ आई म्हणाली. ‘‘लोक ऐकतील.’’

‘‘मला जाऊ दे. नुसतं सांगून येते.’’

‘‘तू गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’’

मी किती वेळ थांबले? मला वाटतं, तीन-चार गाड्या रिकाम्या होईपर्यंत. मग शिळेचं किंचाळणं झालं आणि मी आईला ओलांडून पळाले. शेडमध्ये निळा धूर होता. आबा भिंतीकडच्या बेरिंगवर उजवा तळहात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना काहीही लागत नव्हतं. त्यांच्या बोटांच्या कडेला चिकटलेली रुई तांबूस होत चालली होती. मी ओरडले, पट्टा काढा, आणि त्याच क्षणी गोळ्या अडकल्या, दांडा जागीच थांबला, पट्टा सुटून भिंतीवर आपटला. बेरिंगवरची पेटलेली रुई उडाली ती खालच्या कापसात पडली. कापूस पेटायला वेळ लागत नाही. नळीच्या तोंडाशी रखमा नावाची बाई कापूस लोटत होती. तिच्या पदरानं पेट घेतला. लोकांनी तिला गोणपाटात गुंडाळली, पण मान भाजली आणि डावा हात तर गेलाच, म्हणजे कामातून गेला. विहिरीवरून बादल्या आणून आग विझवली तेव्हा शेडचा एक कोपरा आणि सहा गाड्यांचा कापूस संपला होता. आणि धूर ओसरल्यावर सगळ्यांना दिसलं काय, तर मधोमध मी उभी, मोकळे केस घेऊन.

निवाडा दुसर्‍या दिवशी अप्पांच्या बैठकीच्या ओट्यावर झाला. निवाडा म्हणायचं, पण तो आधीच झालेला होता. आईनंच सुरुवात केली. अप्पांपुढं पदर पसरून ती म्हणाली, ‘‘पोरीनं विटाळात हात लावला, मालक. माझ्या पोटची हाय, पर झाकणार न्हाय म्या. ह्यांच्यावर राग धरू नगा.’’ नवर्‍याला वाचवायला तिनं मला पुढं केलं, हे मी समजू शकते. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही.

पण अव्वा उठून बसल्या. त्यांनी हातानं आईला गप्प केलं. ‘‘आमच्यात पंचसूतकं, ह्यो विटाळ बी त्यातलाच, मानत न्हाईत. यंत्राला कसला आलाय विटाळ? मिस्त्री, माझ्याकडं बघा. त्या दिवशी माझ्या हातानं जादा भरलं गेलं का? तसं आसंल तर तसं सांगा. म्या म्हातारी हाय, मला काय फासावर देत न्हाईत.’’

अप्पासुद्धा आबांच्या तोंडाकडं बघत होते. मी आबांच्या समोर पायरीखाली उभी होते. त्यांना एकच शब्द बोलायचा होता, तो ते माझ्याशी रांजणापाशी बोललेले होते. ‘व्हय.’ तो शब्द मागणारी बाई समोर बसून तो मागत होती. ती रागावणारही नव्हती.

आबा म्हणाले, ‘‘न्हाय अव्वा. तुमच्या हातानं कसं बिघडंल?’’

‘‘मग पोरीनं?’’

‘‘तिनं खोललं हुतं, येवढं खरं.’’

मी बोलले. मोठ्या माणसांत पोरीनं बोलायचं नसतं, तरी बोलले. ‘‘म्या खोललेलं बेरिंग पट्ट्याकडचं. ते चांगलं हाय. आत्ता जाऊन बघा, गोळ्या चकचकीत हायेत. जळलं ते भिंतीकडचं. त्येच्या आत माझा हात गेलाच न्हाय.’’

कुणी उठलं नाही. शेड तिथून हाकेच्या अंतरावर होती. अप्पा विचारात पडल्यासारखे दिसले, तेवढ्यात मागून एक हमाल म्हणाला, ‘‘एकाच दांड्यावर हायेत की दोनी. हिकडचं तिकडं जातंच.’’ लोकांनी माना हलवल्या. अव्वा आबांकडं बघतच राहिल्या. त्यांना पटलं नव्हतं, पण मिस्त्रीच नाही म्हणतोय तिथं त्या तरी काय करणार? त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘पोरीला मारू नगा.’’ आणि आत गेल्या.

मला कुणी मारलं नाही. रखमाची सासू आमच्या दारावरून जाताना रोज थुंकायची, तेवढंच. महिन्याच्या आत माझं लग्न झालं. माझं नाव आता तेरपासून येडशीपर्यंत पसरलेलं, तेव्हा पहिल्या लग्नाचा नवरा मिळायचा प्रश्नच नव्हता. सोनारीचा एक बिजवर मिळाला, भैरवनाथाच्या देवळापुढं नारळ-गुलालाचं दुकान, पदरी पहिलीच्या दोन मुली. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे, आणि ज्या माणसाबद्दल एवढंच म्हणता येतं त्याच्याबरोबर बेचाळीस वर्षं काढणं म्हणजे काय असतं ते बायकांना सांगायला नको. सोनारीत यंत्र नव्हतं. पहिली काही वर्षं मी पहाटे उठून इंजिनाची वाट पाहायची.

या सगळ्या काळात मी आबांची बाजू माझ्याच मनात मांडत असे. म्हणायची, ते भ्याले. हातांची गोष्ट बाहेर पडली असती. अव्वांना सर्वांसमोर चूक म्हणणं जड गेलं असेल. कामावरून काढलं असतं तर आईला घेऊन कुठं गेले असते? भ्यालेल्या माणसाला माफ करता येतं. मी त्यांना जवळजवळ माफ केलंच होतं.

निजामाचं राज्य गेल्यानंतर काही वर्षांनी, चैत्रातल्या जत्रेला आबा सोनारीला आले. एकटेच. आई वारली होती, जिनिंगचं काम सुटलं होतं. मी गेल्यानंतर पंख्याची आणखी दोन बेरिंगं जळली, तिसर्‍या वेळी अप्पांच्या मुलानं दुसरा मिस्त्री ठेवला, हे त्यांनीच जेवताना सांगितलं. हातांची गोष्ट अखेर बाहेर पडलीच होती. दुकानात गर्दी होती, नवरा आणि सगळी पोरं तिकडं. घरात आम्ही दोघंच. मी त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि समोर बसून विचारलं, ‘‘आबा, बेरिंग कशानं जळलं?’’

त्यांनी नाटक केलं नाही. ‘‘ग्रीस जादा झालं,’’ ते म्हणाले. ‘‘तुला ठावं हाय की.’’

‘‘अव्वांनी इचारलं तवा का न्हाय बोललात? त्या काय तुम्हाला काढणार नव्हत्या.’’

‘‘अव्वा? न्हाय. अव्वांचं भ्या नव्हतं.’’ त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. ‘‘मिस्त्रीची पोरगी बेरिंगाला हात लावत हिंडती म्हणून दोन स्थळं माघारी गेली हुती. तुला बोललो न्हवतो. आन् तू काय ऐकणारी न्हवतीस. म्या नगं म्हटलं आसतं तरी आली आसतीस. मला बी तू लागायचीस, ते येगळंच.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. सकाळी उठलं की तुझ्याकडं बघायचं, हात चालतोय का न्हाय पोरीचा. भाकर तुझ्या हाताची, मिस्त्री म्या. किती दिवस खायची तशी? त्या दिवशी आयतंच झालं, बघ. दसर्‍याला तू काढलेलं ग्रीस बघितलं तवाच मनात आलं, की भिंतीकडचं आता हाय तसंच ऱ्हाऊ दे.’’

म्हणजे त्यांनी भिंतीकडचं बेरिंग हमालांच्या भीतीनं बंद ठेवलं नव्हतं. आग लागेल असं त्यांना वाटलं नसेल, रखमाचा हात जाईल असं तर नाहीच. थोडं जळेल, थोडा बोभाटा होईल आणि पोरगी यंत्रापासून सुटेल, एवढाच त्यांचा हिशेब. मी त्यांच्यासाठी उठले होते त्या दिवशी, आणि ते मला उठवून लावत होते. मला वाटलं होतं मी रडेन, पण अंगात राग इतका होता की डोळे कोरडेच राहिले.

‘‘अव्वा आता हायेत?’’ मी विचारलं.

‘‘गेल्या दोन वर्सामागं. मरताना बी इचारत हुत्या, मिस्त्री, खरं सांगा, माझ्या हातानं झालं का?’’

‘‘काय सांगितलंत?’’

‘‘न्हाय म्हणलो.’’

‘‘रखमा?’’

‘‘हाय. शेण गोळा करती येका हातानं. तुझंच नाव घेती अजून.’’

‘‘तिला तरी सांगा,’’ मी म्हणाले. ‘‘आता तुमचं काम गेलं, आई गेली, माझं लगीन हून पोरं झाली. आता कुणाचं काय वाकडं हुतंय? गावात जाऊन एकदा सांगा, बेरिंग कशानं जळलं ते.’’

आबांनी मोडलेला तुकडा पानात ठेवला, मेलेल्या कातडीची बोटं एकमेकांवर घासली आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना माझी खरोखर कीव आली होती.

‘‘आता कोण इचारतंय ते, अनसू,’’ ते म्हणाले.

मी त्यांच्या समोरच बसले होते.